मुलाच्या कर्करोग उपचारात आईने काय विचारावे, काय पाहावे, काय नोंदवावे

मुलाला कर्करोग झाल्याचे निदान होते तेव्हा डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बहुधा वडील, काका किंवा आजोबा बसलेले असतात, आणि त्यानंतरची दोन-अडीच वर्षे मुलाच्या उशाशी बसते ती आई. गोळी तीच देते, ताप तीच मोजते, रात्री दोन वाजता मूल उठून रडू लागले की काय करायचे हेही तिलाच ठरवावे लागते. म्हणून आईचा सहभाग हा मायेचा भाग आहेच, पण तो उपचाराचाही भाग आहे, आणि उपचाराच्या इतर भागांप्रमाणे तोही शिकावा लागतो. हा लेख त्या शिकण्याच्या सुरुवातीसाठी आहे. उदाहरण म्हणून मी लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया किंवा एएलएल, समोर ठेवला आहे. तथापि केमोथेरपी चालू असलेल्या कोणत्याही मुलाच्या आईला यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. तुमच्या रुग्णालयाने दिलेली सूचना आणि येथील मजकूर यांत फरक आढळला, तर रुग्णालयाची सूचनाच पाळावी.

पहिली पायरी: निदान आईने स्वतः ऐकावे

डॉक्टर बोलायला बोलावतील तेव्हा आईने आत जावे. "तिला सहन व्हायचे नाही" या काळजीपोटी घरचे लोक तिला बाहेर बसवतात, पण जिला मुलाचे औषधपाणी पाहायचे आहे तिच्याकडे अर्धवट माहिती असणे मुलाच्याच जिवावर बेतू शकते. मराठीत, किंवा घरी जी बोली बोलतात त्या बोलीत, पुन्हा समजावून सांगा असे म्हणण्यात कसलाही संकोच बाळगू नये. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात आणि हे समजावून देणे त्यांच्या कामातच येते.

पहिल्या भेटीत आजाराचे पूर्ण नाव कागदावर लिहून मागावे. आजार कोणत्या जोखीम गटात मोडतो, एकूण उपचार किती काळ चालेल, कोणत्या काळात दाखल राहावे लागेल आणि कोणत्या काळात डे केअरमध्ये औषध घेऊन परतता येईल, रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे प्रश्न विचारावेत. एएलएलच्या उपचाराचा पहिला टप्पा साधारण चार ते पाच आठवड्यांचा असतो. त्यात बहुतेक मुलांच्या रक्तातील आणि अस्थिमज्जेतील कर्कपेशी तपासणीत दिसेनाशा होतात, मूल खेळू लागते, आणि नेमक्या याच वेळी अनेक घरांत "आता बरा झाला, गावी जाऊ" असा विचार सुरू होतो. परंतु न दिसणाऱ्या पेशी अजून शिल्लक असतात. त्यांच्यासाठी पुढे काही महिन्यांचे जोरकस टप्पे आणि नंतर दीर्घकाळ चालणारा मेंटेनन्सचा टप्पा असतो, आणि सारे मिळून दोन ते तीन वर्षे जातात. उपचार मध्येच सोडलेल्या मुलांत आजार उलटण्याची भीती फार मोठी असते, आणि उलटलेला आजार बरा करणे पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. हे पहिल्याच आठवड्यात सासू-सासऱ्यांसह सगळ्या घराला सांगून ठेवावे.

दुसरी एक गोष्ट घराला सांगणे तितकेच गरजेचे आहे. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कोणाच्या घराण्यातून हे आले, असले बोल अजूनही आईला ऐकावे लागतात. बहुतांश मुलांच्या कर्करोगामागे आईवडिलांच्या वागण्यातील कोणतेही कारण सापडत नाही. रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगासारखे काही आजार काही घरांत आनुवंशिक असतात आणि तेव्हा भावंडांचेही डोळे तपासून घ्यावे लागतात, पण तिथेही दोष कोणाचाच नसतो. हा आजार संसर्गजन्य नाही. भावंडांनी एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. डॉक्टरांनी हे सर्वांसमोर मोठ्याने सांगावे अशी विनंती आईने जरूर करावी.

रुग्ण मुलगी असेल तर आणखी सावध राहावे लागते. भारतातील कर्करोग रुग्णालयांच्या नोंदींत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा लक्षणीय कमी आढळते आणि त्याचे स्पष्टीकरण केवळ आजाराच्या स्वरूपातून मिळत नाही. तिच्यावरचा खर्च, तिच्यासाठीचा लांबचा प्रवास, तिच्या लग्नाची चिंता हे विषय घरात निघतील. तेव्हा उपचार पूर्ण करायचाच, हे आईने ठामपणे सांगितले पाहिजे आणि समाजसेवकांना आपल्या बाजूने बोलायला बोलावले पाहिजे.

दुसरी पायरी: एक वही

रुग्णालयाची फाइल असतेच, पण दोन भेटींमधले दिवस त्या फाइलमध्ये नसतात. त्यासाठी शंभर पानी साधी वही पुरेशी आहे. लिहिता येत नसेल तर मोठ्या भावंडाकडून लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर बोलून ठेवावे. नोंद छोटी असली तरी चालते, उदाहरणार्थ अशी: "बुधवार. सकाळी 7 ला ताप 98.6. अर्धी वाटी खिचडी, एक अंडे. शी दोन दिवस झाली नाही. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग. रात्री 9 ला गोळी दिली, उलटी नाही." या चार ओळींतून डॉक्टरांना व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधामुळे येणारी बद्धकोष्ठता आणि तोंडातील जखमांची सुरुवात, दोन्ही कळतात. "बरा आहे, थोडा चिडचिड करतो" एवढ्या उत्तरातून यातले काहीच कळत नाही.

वहीच्या मागच्या पानांवर रक्ततपासणीचे आकडे तारखेनुसार उतरवावेत. वॉर्डात मुलांच्या आया एकमेकींना "काउंट किती आले?" असे विचारतात, म्हणजे रक्तपेशींचे आकडे. त्यात हिमोग्लोबिन, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि एएनसी हे तीन आकडे महत्त्वाचे. एएनसी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या, आणि ती 500 च्या खाली असताना मूल जवळजवळ निःशस्त्र असते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत काउंट सर्वांत खाली जातात, म्हणून ते दिवस वहीत आधीच खूण करून ठेवावेत.

तिसरी पायरी: तापाची तयारी ताप येण्याआधी

या लेखातील एकच भाग लक्षात राहणार असेल तर तो हा असावा. केमो चालू असलेल्या मुलाचा ताप हा तातडीचा प्रसंग आहे. काउंट पडलेले असताना शरीरात पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकला वाढत नाही. ताप हे कित्येकदा एकमेव लक्षण असते, आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग काही तासांत मुलाला अत्यवस्थ करू शकतो. बहुतेक रुग्णालयांत 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सिअस, हा इशाऱ्याचा आकडा मानतात. आपल्या रुग्णालयाचा आकडा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. हाताने कपाळ पाहून "कोमट वाटतो" असे म्हणण्यावर राहू नये. डिजिटल थर्मामीटर काखेत किंवा, मूल मोठे असेल तर, जिभेखाली लावावा. गुदद्वारात थर्मामीटर कधीही लावू नये आणि परस्पर एनिमा देऊ नये, कारण तेथील बारीक जखमेतून जंतू रक्तात शिरतात.

ताप आला की आधी फोन करावा आणि निघावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नये, कारण ताप उतरतो आणि संसर्ग आत तसाच वाढत राहतो. आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन या गोळ्या तर घरात ठेवूच नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. रुग्णालयात पोहोचल्यावर रांगेत उभे न राहता "मुलाची केमो चालू आहे आणि ताप आहे" हे वाक्य पहिल्यांदा उच्चारावे. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून मिळावा, असे धोरण सर्वत्र मानले जाते, आणि त्याची आठवण करून देण्याचा आईला पूर्ण हक्क आहे.

खेड्यात राहणाऱ्या कुटुंबासाठी खरी अडचण अंतराची असते. म्हणून पहिल्यांदा गावी जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे की आमच्या जिल्ह्यात, ताप आल्यास, नेमके कोणत्या रुग्णालयात जावे, आणि तेथील डॉक्टरांसाठी पत्र मागून घ्यावे. आजाराचे नाव, चालू औषधे, कोणते अँटिबायोटिक सुरू करावे आणि स्नायूत इंजेक्शन देऊ नये, हे सर्व त्या पत्रात असावे. गावातल्या दवाखान्यात कमरेवर सुई घेण्याची सवय असते. प्लेटलेट कमी असताना त्या जागी रक्त साकळते. रात्री गाडी कोणाची मिळेल हे ठरवून ठेवावे, आणि फाइल, वही, पत्र, थर्मामीटर, दोन कपडे व थोडे रोख पैसे असलेली पिशवी दाराजवळ भरलेली असावी.

तापाशिवाय आणखी काही लक्षणांवर त्याच रात्री फोन करावा: नाकातून किंवा हिरड्यांतून न थांबणारे रक्त, काळी शी, त्वचेवर लाल-जांभळे ठिपके, धाप, सतत उलट्या, तीव्र पोटदुखी, झटका किंवा मूल विलक्षण सुस्त होणे. हुडहुडी भरून थंडी वाजत असेल तर थर्मामीटरवर आकडा दिसेपर्यंत थांबू नये.

कांजिण्या आणि गोवर यांचे वेगळे सांगायला हवे. शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या तर आपल्याकडे त्याला देवी समजून बोलणे टाळले जाते, पण केमोवरच्या मुलाला त्या जीवघेण्या ठरू शकतात. संपर्क आला असे कळताच, अंगावर पुरळ यायची वाट न पाहता, रुग्णालयाला कळवावे. संपर्कानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच संरक्षक औषधाचा सर्वाधिक उपयोग होतो.

चौथी पायरी: हात, पाणी, जेवण

मुलाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो भेटायला येणाऱ्या आत्या-मामांनाही लागू आहे. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवताना आईला वाईट वाटू नये.

पाणी उकळून गार केलेले द्यावे. जेवण घरचे, ताजे आणि गरम असावे: मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, नाचणीची पेज, पूर्ण उकडलेले अंडे, डाळ-भात, शिरा, थालीपीठ, आणि घरी खात असतील तर नीट शिजवलेले मासे किंवा कोंबडी. केळे, संत्रे, चिकू अशी सोलून खाता येणारी फळे चांगली. द्राक्षे, कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस, पाणीपुरी आणि हॉटेलातली चटणी काउंट सुधारेपर्यंत नको. कर्करोगात साखर बंद करा, दूध बंद करा, फक्त फळांच्या रसावर ठेवा, असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. वजन घटलेल्या मुलाला केमो सोसत नाही, आणि अशा पथ्यांनी वजन घटते. कडधान्य, अंडी, शेंगदाणे, तूप यांतून प्रथिने आणि उष्मांक मिळत राहणे गरजेचे आहे. काढे, भस्मे, गावठी औषधे चालू असतील किंवा कोणी दिली असतील, तर ती लपवू नयेत. डॉक्टरांना दाखवून विचारावे.

तोंडाची निगा दिवसातून चार-पाच वेळा घ्यावी. मऊ ब्रश वापरावा आणि सांगितल्याप्रमाणे मिठाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चुळा भराव्यात. औषध देण्यासाठी छातीत किंवा दंडात नळी बसवली असेल तर ड्रेसिंग ओले होऊ देऊ नये, नळीच्या तोंडाला धुतलेल्या हातांशिवाय स्पर्श करू नये, आणि ती साफ करण्याची पद्धत सिस्टरांसमोर स्वतः करून दाखवावी, म्हणजे चूक तिथेच सुधारता येते. केमोनंतरचे साधारण 48 तास मुलाची लघवी, शी व उलटी हातमोजे घालून साफ करावी. आई गरोदर असेल तर हे काम तिने करू नये. ते वडिलांनी करावे.

पाचवी पायरी: स्टेरॉइडचे दिवस

पहिल्या टप्प्यात मुलाला जवळजवळ रोज स्टेरॉइड दिले जाते, आणि त्या काळात आपले मूल ओळखू येत नाही असे अनेक आया म्हणतात. चेहरा गोल होतो, पोट सुटते, मध्यरात्री उठून ते वडापाव मागते, नाही म्हटले की हात उगारते. हा हट्ट लाडाचा नाही. तो औषधाचा परिणाम आहे आणि औषध थांबल्यावर ओसरतो. त्या वेळी रागावण्याऐवजी रात्रीसाठी घरचा थोडा उपमा किंवा पोहे तयार ठेवावेत. मीठ, तळलेले आणि गोड जपून द्यावे, कारण या काळात रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढू शकते. मूल फार तहानलेले वाटले व सारखी लघवी करू लागले तर कळवावे. स्टेरॉइड एकदम बंद करणे धोक्याचे असते. घरातील कोणी "चेहरा सुजतोय, गोळी थांबव" म्हटले तरी थांबवू नये.

सहावी पायरी: सुईबद्दल मुलाशी खरे बोलावे

पाठीतली सुई, बोन मॅरो म्हणजे अस्थिमज्जेची तपासणी, सलाईनची सुई या गोष्टी पुनःपुन्हा होतात. "काही करणार नाहीत, नुसते बघणार आहेत" असे सांगून मुलाला आत नेले तर पुढच्या वेळी ते आईवरच विश्वास ठेवत नाही. वयाला साजेल असे खरे सांगावे: टोचेल, थोडा वेळ दुखेल, मी इथेच आहे. परवानगी असेल तिथे मांडीवर घेऊन, तोंड आपल्याकडे वळवून धरावे. गोष्ट, अंक मोजणे, फुगे फुगवणे यांनी लक्ष वळते. मूल रडले तर रडू द्यावे. उपाशी ठेवण्याची वेळ सांगितलेली असते ती काटेकोर पाळावी, कारण गुंगी दिल्यावर पोटात अन्न असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मोठी मुले आजाराचे नाव विचारतात. त्यांना ते सांगावे; वॉर्डातल्या बोलण्यातून त्यांना निम्मे कळलेलेच असते.

सातवी पायरी: घरी दिल्या जाणाऱ्या गोळ्या

मेंटेनन्स सुरू झाल्यावर रुग्णालयातील फेऱ्या कमी होतात आणि उपचाराचा मोठा भार घरावर येतो. मरकॅप्टोप्युरीन, ज्याला 6-एमपी म्हणतात, ही गोळी रोज घ्यायची असते; मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. या दोहोंत गोंधळ होऊन मेथोट्रेक्सेट रोज दिले गेले तर मुलाच्या जिवाला धोका होतो, म्हणून दोन्ही औषधे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. डोस वजनानुसार व काउंटनुसार बदलतो. कधी सोमवार ते शुक्रवार एक गोळी आणि शनिवार-रविवार दीड अशी मांडणी असते. प्रत्येक भेटीत बदललेला डोस सिस्टरांना वाचून दाखवून पक्का करावा. न्यूमोनिया टाळण्यासाठी सेप्ट्रान हे अँटिबायोटिक आठवड्यातील ठरलेल्या दिवशी दिले जाते, तेही यातच येते.

अमेरिकेतील अभ्यासांत असे दिसले आहे की 6-एमपीचे 95 टक्क्यांहून कमी डोस प्रत्यक्ष घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढते. महिन्यात दोन रात्री चुकल्या तरी आपण त्या रेषेखाली जातो. त्यामुळे गोळीची वेळ रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला, जसे रात्री अंथरूण घालण्याला, जोडून द्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी. लग्नकार्याला, जत्रेला जाताना गोळ्या बरोबर न्याव्यात आणि आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या आणाव्यात. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. फोन करून विचारावे आणि तसे वहीत लिहावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवले तर काउंट पाहून ते चुकीचा निष्कर्ष काढतील.

आठवी पायरी: मुक्काम, पैसा, कागद

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले आणि आजही बीड, नंदुरबारपासून बिहारपर्यंतची मुले तेथे येतात. मुंबईत राहायचे कोठे हा प्रश्न पहिल्याच दिवशी समाजसेवकांपुढे मांडावा. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही 2006 पासून काम करणारी संस्था बाहेरगावच्या मुलांना पालकांसह विनामूल्य राहण्याची सोय देते. तेथे आईला स्वतः स्वयंपाक करता येतो. प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीने मिळतो, म्हणून आधी विचारणे भाग आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनीही असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. टाटामध्ये बालरुग्णांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. आहारासाठी कडल्स फाउंडेशन आणि सर्वांगीण आधारासाठी कॅनकिड्स या संस्था अनेक रुग्णालयांत काम करतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही कर्करोग रुग्णालये आहेत, आणि उपचाराचा काही भाग घराजवळ घेता येईल का हे विचारण्यात कमीपणा नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जावे. शिधापत्रिकेत मुलाचे नाव चढवलेले नसणे ही नेहमीची अडचण आहे, तेव्हा एका नातेवाइकाला लगेच तहसीलच्या कामाला लावावे. रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला 75 टक्के सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात. ही धावपळ आईने करू नये. ती वडिलांची, मामाची, शेजाऱ्यांची कामे आहेत.

नववी पायरी: आईच्या जागी बसू शकणारा माणूस

प्रत्येक आईने पहिल्या महिन्यातच एका दुसऱ्या माणसाला तापाचा आकडा, गोळ्यांचे डबे, नळीची निगा आणि वही हे सारे शिकवावे. तो बहुधा बाप असावा. कामावर खाडे पडतात, मजुरी बुडते, हे खरे आहे; तरीही महिन्यातून काही रात्री त्याने वॉर्डात काढल्या तर मूल त्याच्याकडेही औषध घेऊ लागते आणि आईला ताप आला तरी उपचार थांबत नाही. आईने वेळेवर जेवावे, झोप पुरेशी नसेल तर दुपारी पडावे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर समुपदेशकाला भेटावे. त्यासाठी त्यांची खोली रुग्णालयात असते.

घरी आजीजवळ राहिलेल्या भावंडाचे हाल कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्याला रोज ठरलेल्या वेळी फोन करावा, दादा किंवा ताई कशासाठी दवाखान्यात आहे ते सांगावे, आणि त्याच्या शाळेतील बाईंना परिस्थिती कळवावी. त्याच्या लसी चालूच ठेवाव्यात, मात्र तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओच्या थेंबांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी मुलाला स्वतःला केमोच्या काळात जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत.

उपचार संपल्यावर

शेवटची गोळी झाल्यावर उपचाराचा सारांश लेखी मागावा: कोणती औषधे, किती एकूण डोस, किरणोपचार दिले असल्यास कोठे व किती. हृदयावर, वाढीवर, पुढे अपत्यप्राप्तीवर होणारे काही परिणाम वर्षांनंतर दिसतात आणि ते शोधायला हा कागद लागतो. टाटा मेमोरियलमध्ये 1991 पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळी एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिक चालते. इतर ठिकाणीही पाठपुराव्याच्या तारखा दिल्या जातात. लसी पुन्हा कधी सुरू करायच्या ते त्याच भेटीत विचारावे, बहुधा साधारण सहा महिन्यांनंतर सांगतात. शाळेत पुन्हा बसवताना मुख्याध्यापकांना डॉक्टरांचे पत्र द्यावे आणि वर्गातील मुलांना हा आजार लागत नाही हे शिक्षकांकडून सांगवावे. मूल सज्ञान होण्याच्या सुमारास ही सारी फाइल आणि सारांश त्याच्या हाती देऊन, आपल्याला काय झाले होते आणि पुढे कोणत्या तपासण्या करत राहायच्या आहेत, हे आईने त्याला बसवून समजावून सांगावे.